आधी सहावा, मग तिसरा : एका पुस्तकमालिकेच्या दुरुस्तीच्या आणि वाचनाच्या नोंदी

५ जानेवारी

माळ्यावरची ट्रंक आज खाली काढली. बारा भागांच्या मालिकेतले अकरा भाग आत आहेत. अकरावा नाही, तो आमच्या घरी कधी आलाच नव्हता. सगळी पुस्तकं एकाच मापाची, चौसष्ट ते ऐंशी पानांची, पातळ मुखपृष्ठाची, घडीच्या मधोमध दोन पिना मारलेली. ताईने त्या वेळी घातलेली खाकी कव्हरं अजून तशीच आहेत.

मालिकेचं नाव या नोंदींत लिहिणार नाही. ज्याची त्याची अशी एक मालिका असते, आणि नाव लिहिलं की वाचणारा स्वतःची सोडून माझ्या मालिकेकडे बघायला लागेल. एवढं पुरे: चार भावंडं, एक नदी, नदीच्या मुखाशी बंद पडलेलं दीपगृह, आणि नावाड्याचा मुलगा. माझा सगळा जीव त्या नावाड्याच्या मुलात अडकलेला असायचा.

पुस्तकं मुळात ताईची. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने एकेक करून जमवली, वाचली, ट्रंकेत ठेवली. मी वाचायला लागल्यावर ट्रंक माझ्या ताब्यात आली. गेल्या महिन्यात तिला विचारलं, तुझ्याकडे पाठवू का? ती म्हणाली, "तुझ्याकडेच असू देत. पण कुजू देऊ नकोस रे."

म्हणून हे काम. पुस्तकं पुन्हा हातात धरून वाचता येतील अशी करायची, आणि पहिल्यापासून बाराव्यापर्यंत क्रमाने वाचायची. एक नियम घालून घेतला आहे: पुस्तक उघडण्याआधी त्यातलं जे आठवतं ते वहीत लिहायचं, मगच पान उलटायचं. लिहिलेलं नंतर खोडायचं नाही.

७ जानेवारी

पाहणी. कागद सगळीकडे सारखा गेलेला नाही. कडेपासून दोन बोटं आतपर्यंत तपकिरी, मध्यभागी अजून सायीच्या रंगाचा. कोपरा दुमडला की तुटून हातात येतो.

कारण माहीत आहे. कागद लाकडाच्या लगद्याचा आहे. लाकूड घासून लगदा करायची युक्ती जर्मनीत फ्रीडरिश गोटलोब केलर याने १८४४ च्या सुमारास साधली, आणि कागद स्वस्त व्हायचा रस्ता मोकळा झाला. त्याच्या आधी, १८०७ मध्ये, मोरित्झ इलिग याने कागदावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरायची पद्धत प्रसिद्ध केली होती. स्वस्त कागदात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं आणि ते तंतू तोडत राहतं. लाकडातलं लिग्निन हवेने, उजेडाने काळवंडतं. हवा आणि उजेड कडेने आत शिरतात, म्हणून कड आधी जाते.

आम्लता दाखवणारं पेन आणलं होतं. त्याचा डाग पुसला जात नाही, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिला. आम्ल नसलेल्या कागदावर तो जांभळा होतो. इथे अकराच्या अकरा ठिपके पिवळे राहिले.

हे बघताना एक विचार मनातून हलेना. कागद असा स्वस्त होता म्हणूनच ही पुस्तकं मुलांच्या हातात पडली. चांगल्या कागदावर छापली असती तर ती कपाटात राहिली असती, ट्रंकेतून वाटेल तेव्हा उपसून पालथं पडून वाचायला मिळाली नसती. ज्या गोष्टीने ती आमच्यापर्यंत आणली, तीच आता त्यांना आतून खाते आहे.

आणि वास! ट्रंक उघडल्यावर पहिल्यांदा तोच आला. मातिया स्ट्रलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जुन्या पुस्तकांतून सुटणाऱ्या वायूंवर काम केलं होतं. गवतासारखा, किंचित आंबूस, मागे व्हॅनिलाची छटा असं त्या वासाचं वर्णन त्यांनी केलं आहे. तो वास म्हणजे कागद विरत असल्याची खूण. मी ट्रंकेपाशी बराच वेळ नुसता बसून होतो.

१२ जानेवारी

खाकी कव्हरं काढली. कडक झाली होती, घडीवर तुटत गेली. आतली मुखपृष्ठं मात्र उजेड न लागल्याने आश्चर्य वाटावं इतकी ताजी. नदीचा निळा रंग अजून निळा आहे.

एक गोष्ट सापडली, जी मी पार विसरलो होतो. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर, उजवीकडे वर, पेन्सिलीने काढलेला एक आकडा आहे. अक्षर माझं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं, जोर देऊन काढलेलं, इतकं की पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर आकडा हाताला लागतो. भागाचा छापील क्रमांक मुखपृष्ठावर आहे, म्हणजे कव्हराखाली झाकलेला. पेन्सिलीचा आकडा त्याच्याशी जुळत नाही. चौथ्या भागावर १ लिहिलंय. सहाव्यावर २. तिसऱ्यावर ३, पण तो योगायोग दिसतो, कारण नवव्यावर ४ आहे आणि पहिल्या भागावर ५.

बाकीचे: दुसऱ्या भागावर ६, दहाव्यावर ७, पाचव्यावर ८, सातव्यावर ९, आठव्यावर १०, बाराव्यावर ११.

म्हणजे हा माझा वाचायचा क्रम. ट्रंकेत हात घालून जे येईल ते. वहीत उतरवून ठेवला.

१६ जानेवारी

पहिल्या भागाच्या पिना काढल्या. गंजून कागदाला चिकटल्या होत्या. पाय बोटाने उचकटायला गेलं तर कागद फाटतो, म्हणून पातळ सुरी खाली सरकवून एकेक पाय सरळ केला आणि पाठीकडून पिन ओढली. भोकांभोवती गंजाचे नाण्याएवढे डाग. ते राहणारच.

नव्या पिना मारणार नाही, दोऱ्याने शिवणार. घडीवर तीन भोकं: मधलं, वरचं, खालचं. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, मग मधलं भोक सोडून लांब टाका घेत खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील असं बघायचं आणि त्याच्यावर गाठ मारायची. गाठ आत राहते, टाका सैल पडत नाही. लिननचा दोरा मेणावरून ओढून घेतला. जुनी भोकं वापरली नाहीत, तिथला कागद मेलेला आहे. एक सूत बाजूला नवी पाडली.

१७ जानेवारी

पहिल्या भागाची आठवण, वहीतून जशीच्या तशी:

"मुलं आणि नावाड्याचा मुलगा यांची ओळख कशी झाली त्याची जुनी गोष्ट. बहुधा मोठा भाऊ इतरांना सांगतो आहे. सगळे एकत्र बसलेत, नावाड्याचा मुलगाही ऐकतोय आणि मधूनमधून हसतोय."

मग वाचलं. असं काही नाही. भावंडं नदीवर येतात, होडी सोडायला जातात, गाठ सुटत नाही, आणि पलीकडून एक अनोळखी मुलगा येऊन ती एका झटक्यात सोडतो. सरळ घडणारी गोष्ट. कोणी कोणाला सांगत नाही. एकत्र बसण्याचा प्रसंग पुस्तकभर कुठेही नाही.

ते सगळे गोल बसलेले मला आज वाचल्यानंतरही स्पष्ट दिसतात. हे मी कुठून आणलं?

२१ जानेवारी

फ्रेडरिक बार्टलेट यांचं १९३२ चं काम काढून वाचलं. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही वेळाने, काही दिवसांनी, काहींना तर वर्षांनी ती पुन्हा लिहायला सांगितली. कथा आखडत गेली, परकं वाटणारं गळलं, आणि जे उरलं ते लिहिणाऱ्याच्या ओळखीचं होत गेलं. सीलची शिकार मासेमारी झाली. लोक खोटं लिहीत नव्हते. आपण गोष्ट जशीच्या तशी ठेवत नाही, दर वेळी नव्याने रचतो, असं बार्टलेट यांचं म्हणणं.

माझ्या वहीतही तेच चाललंय. पण माझ्या आठवणीत काही गळलेलं नाही, उलट भर पडली आहे. ती भर कशाला लागली होती, हे अजून कळत नाही.

दुसरा भाग वाचून झाला. छान आहे, विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

२५ जानेवारी

तिसरा भाग. याची आठवण लिहायला मी जवळजवळ घाबरत होतो, कारण लहानपणी वाचलेल्या सगळ्या पानांत माझं सर्वांत लाडकं पान यात आहे. वहीत लिहिलं:

"पाऊस. रात्र. मुलं घरात. दारावर थाप. नावाड्याचा मुलगा परत आलेला आहे. निथळतोय. कोणाला बोलता येत नाही. धाकटी रडते. आयुष्यात वाचलेलं सगळ्यात मोठं परत येणं."

आता पुस्तकात काय आहे ते. पान १८. पाऊस आहे. रात्र नाही, संध्याकाळ आहे. थाप आहे. नावाड्याचा मुलगा बापाबरोबर तीन दिवस मासे घेऊन गेला होता, पुरामुळे अडकला, आज परतला. धाकटी म्हणते, "इतका उशीर?" आणि त्याला पुसायला पंचा देते. बास. पुढच्या परिच्छेदात गोष्ट पुढे सरकते.

तीन दिवस! मी ते पान चार वेळा वाचलं. कुठे काही सुटलंय का म्हणून आधीची पानं पुन्हा पाहिली. धाकटी रडत नाही. कोणाचाही कंठ दाटून येत नाही.

आज दुरुस्तीचं काम केलं नाही.

२ फेब्रुवारी

चौथा भाग सगळ्यांत फाटका. तो मी सगळ्यात जास्त वाचला असणार. कोणीतरी, बहुधा मीच, पाठीला पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. ती आता मधासारखी पिवळी झाली आहे, वरची प्लास्टिकची पट्टी सुकून आपोआप सुटते, पण डिंक कागदात उतरलाय.

केस वाळवायच्या यंत्राने लांबून ऊब दिली. पट्टी मऊ झाली की पातळ सुरी तिच्याखाली आडवी धरून केसभर पुढे सरकवायची, पुन्हा ऊब. एका पट्टीला पाऊण तास. मागे राहिलेला चिकटा क्रेप रबराने अलगद गोळा केला, घासायचं नाही, फक्त टिपायचं. डाग जाणार नाही. पण पान आता उलटतं.

खळ घरी केली. गव्हाचा स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर पंचवीस मिनिटं सतत ढवळत. आधी दुधासारखी, मग एकदम घट्ट, मग हळूहळू पारदर्शक. गार करून गाळली. फाटलेल्या जागी कोझोच्या सालीपासून केलेला जपानी कागद लावला; तो कात्रीने कापत नाहीत, पाण्याची रेघ ओढून फाडतात, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पानात मिसळून जातात. वर टीपकागद, त्यावर वजन, रात्रभर.

खळ का, चांगला मजबूत गोंद का नाही? कारण ओलावा दिला की खळ सुटते. उद्या कोणाला माझ्याहून चांगलं काम येत असेल, तर त्याला माझं काम काढून टाकता आलं पाहिजे. पुस्तकं जपणारी मंडळी हा नियम फार पाळतात आणि मला तो मनापासून पटतो.

४ फेब्रुवारी

चौथ्याची आठवण: "दीपगृहाचा जिना. गोल गोल, अंधार, भिंत ओली आणि गार. मधला भाऊ पायऱ्या मोजतो. वटवाघूळ. पाय घसरतो. पंधरा-वीस पानं तरी."

पुस्तकात: एक वाक्य. चौघं जिना चढून वर आली, एवढंच. भिंत नाही, वटवाघूळ नाही, मोजणं नाही.

या वेळी मात्र निराश झालो नाही. उलट थरारलो. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने १९७० च्या दशकात मांडलं होतं की मजकुरात रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या भरतो, त्यातूनच वाचन घडतं. हे मी पूर्वी वाचलं होतं, मान डोलावली होती. पण आठ वर्षांच्या मुलाने एका वाक्यात अख्खा जिना बांधला, आणि तो इतका पक्का बांधला की इतक्या वर्षांनी मी त्याच्या ओल्या भिंतीला हात लावू शकतो, हे आज प्रत्यक्ष समोर दिसलं. लेखकाने त्या मुलाला फक्त "चढून वर आली" एवढं दिलं होतं. तेवढंच देण्यात केवढं शहाणपण आहे! चांगल्या मालिकेचं लेखन साधं असतं याला मी दुबळेपणा समजत आलो होतो. ते चुकलं.

१० फेब्रुवारी

पाचवा. यातला खलनायक काळा, तिरळा, लंगडा. तो वाईट आहे हे कळण्यासाठी त्याने अजून काही करायचीही गरज नाही, वर्णनच पुरतं. लहानपणी हे मला खटकलं नव्हतं, आणि आज तेच जास्त लागलं: खटकलं नाही म्हणजे ते सरळ आत गेलं. पुढे किती माणसांकडे मी त्या वर्णनातून पाहिलं असेन, कोण जाणे. पुस्तक माझं लाडकं आहे आणि हे त्यात आहे. दोन्ही लिहून ठेवतो. मजकुराला हात लावणार नाही. कोणा मुलाला वाचायला दिलं तर शेजारी बसून बोलेन.

१५ फेब्रुवारी

सहावा भाग. आठवण लिहायला बसलो आणि जवळपास काहीच सुचेना. "नावाड्याचा मुलगा बापाबरोबर दूरच्या बंदरावर जातो. मुलं धक्क्यावर उभी." एवढंच. त्याचं काही वाटल्याची आठवण नाही.

वाचायला घेतला. रात्री संपवला. आणि शेवटच्या दोन पानांनी मला अक्षरशः मोडून टाकलं. बापाला दूरच्या बंदरात काम लागतं. होडी सुटते. ज्या गाठीपासून पहिल्या भागात ओळख झाली, तीच गाठ मोठा भाऊ या वेळी स्वतः सोडतो, कारण ती सोडायला त्याने नावाड्याच्या मुलाकडूनच शिकलेलं असतं. कोणी काही बोलत नाही. नदी आणि धक्का, एवढंच उरतं.

इतकं दुःखाचं पान, आणि मी ते विसरलो? तिसऱ्यातला पंचा लक्षात ठेवला आणि हे विसरलो?

१६ फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती उत्तर घेऊनच. उठून वही काढली. १२ जानेवारीची नोंद.

सहाव्यावर २. तिसऱ्यावर ३.

मी सहावा वाचला आणि त्याच्या लगेच नंतर तिसरा. धक्क्यावरून होडी गेली, मी पुस्तक मिटलं, ट्रंकेत हात घातला, दुसरं काढलं, आणि अठराव्या पानावर पावसात दार वाजलं. तो परत आला होता. माझ्यासाठी तो तीन दिवसांनी आला नव्हता. तो त्या दूरच्या बंदरावरून आला होता, कायमचा गेलेला असताना आला होता. धाकटी रडली नसेल. रडलो मी. ते रडणं मी तिच्या डोळ्यांत ठेवून दिलं.

आणि पहिला भाग मी पाचवा वाचला. तोवर मला ते पाचही जण जिवाभावाचे माहीत होते. मग ते एकमेकांना ओळखत नाहीत असं कसं होईल? म्हणून मी त्यांना गोल बसवलं आणि ती ओळख कोणीतरी सांगतोय असं करून टाकलं. भर कशाला लागली होती ते आज कळलं. माझा क्रम खरा राहावा म्हणून.

पुढचंही जुळतं. सातव्यापासून बाराव्यापर्यंत, छापलेल्या मालिकेत, तो कुठेच नसावा. मी ते पाच भाग वाचले होते आणि तो नाही असं मला एकदाही वाटलं नव्हतं. नवव्यात तो होडी दुरुस्त करत असेल. बाराव्यात बापाबरोबर गेला असेल. येईलच. एकदा आला होता ना.

१७ फेब्रुवारी

ताईला फोन केला. आधी विचारलं, सहावा भाग आठवतो? ती क्षणभर थांबली.

"आठवतो म्हणजे काय. दोन दिवस जेवले नव्हते नीट. तो परत येणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. सातवा मिळाला तेव्हा आधी सगळी पानं चाळून त्याचं नाव शोधलं. नव्हतं."

मग म्हणाली, "तुला आठवतं का, तू वाचलास तेव्हा मी मुद्दाम तुझ्याजवळ येऊन बसले. म्हटलं आता रडेल हा. विचारलं, वाईट वाटलं का रे? तर तू म्हणालास, येतो की तो परत. एवढासा होतास. मला वाटलं, हा माझी समजूत काढतोय. किती वर्षं मी हे लक्षात ठेवलंय माहितीये?"

मी म्हटलं, "ताई, मी समजूत काढत नव्हतो. मी वाचलं होतं."

आणि मग पेन्सिलीचे आकडे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"म्हणजे तुझ्याकडे तो आला," ती म्हणाली.

२४ फेब्रुवारी

सातवा, आठवा वाचले. तो नाही. पण एक नवीन माणूस भेटलं: मुलांची आत्या. ती पहिल्या भागापासून आहे, दर भागात कंदील घेऊन दाराशी उभी असते, आणि मला तिचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. मुलं दीपगृहात असताना ती इकडे काय करत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. आता तिच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. आठव्यात ती एकदा कंदिलाची काच पुसता पुसता थांबते आणि नदीकडे बघते. एकच ओळ. आता माझ्या वयाने त्या ओळीत काय काय भरलं, ते वहीत दीड पान झालं.

३ मार्च

अकरावा भाग मिळाला, पण नव्या आवृत्तीचा. पांढरा कागद, मोठा टाइप. पेनाचा ठिपका जांभळा झाला. हा कागद टिकेल. वाचायला सुरुवात केली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. शेवटी नव्या आवृत्तीचा सहावाही मिळवला आणि जुन्याशी ताडून पाहिला. भाषा आखडली आहे, वाक्यं तोडली आहेत, धक्क्यावरचं शेवटचं पान अर्ध्यावर आलंय. गाठ सोडण्याचा उल्लेखच गेला.

असं पूर्वीही झालंय. नॅन्सी ड्रू ही एका किशोरवयीन मुलीच्या रहस्यकथांची अमेरिकन मालिका १९३० मध्ये सुरू झाली; १९५९ पासून तिच्या पहिल्या चौतीस पुस्तकांचं पुनर्लेखन केलं गेलं, पंचवीस प्रकरणांची वीस झाली. वंशभेदी वर्णनं काढणं हा त्यामागचा एक हेतू होता, आणि पाचव्या भागातला तो खलनायक आठवला की मला तो हेतू समजतो. पण आईने आणि मुलीने एकाच नावाचं पुस्तक वाचायचं आणि दोघींची गोष्ट निराळी, हेही त्यातून होतं. सहाव्याच्या बाबतीत तर वर्णन सुधारलेलं नाही, नुसती गाठ कापली आहे. त्याला माझी हरकत आहे. ती गाठ हा पहिल्या भागाशी असलेला धागा होता. क्रमाने वाचणाऱ्या मुलाला, ताईसारख्या मुलाला, तो हवा होता.

अकरावा वाचून संपवला. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने १२ लिहिलं.

११ मार्च

सगळे भाग शिवून झाले. आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी केली, आतून बारा पुस्तकं उभी बसतील एवढी. कागदातलं आम्ल घालवण्याचा फवारा मिळतो, तो वापरला नाही; छपाईच्या शाईवर काय होईल याची खात्री नाही. थंड, कोरडं, अंधारं एवढं सांभाळणार.

पेटीत कुठल्या क्रमाने लावायची यावर संध्याकाळ गेली. शेवटी छापील क्रमाने लावली, आणि पेन्सिलीच्या आकड्यांची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. खळीने.

१४ मार्च

ताईचा निरोप आला: "सहावा आणि तिसरा पाठव. दोनच. बाकीचे नकोत."

दोन्ही टीपकागदात गुंडाळले, मध्ये पुठ्ठा घातला, वर दोरी. सहावा वर, तिसरा खाली. चिठ्ठीत काही लिहिलं नाही, फक्त सहाव्यावर १ आणि तिसऱ्यावर २ असे कागदाचे कपटे लावले.

१९ मार्च

पार्सल पोचल्याचं कळलं.

२० मार्च

रात्री पावणेअकराला ताईचा फोन. तिचा आवाज जड होता.

"आला रे," ती म्हणाली.